टायर ‘अचानक’ फुटत नाही: एसयूव्हीच्या टायरमधलं लपलेलं नुकसान कसं ओळखायचं आणि नवे टायर कसे निवडायचे

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात उलटली आणि पेटली. २५ प्रवाशांचा जीव गेला. त्यात आपल्या वर्धा जिल्ह्यातलेही होते. टायर फुटल्यामुळे बसवरचा ताबा सुटला, असं चालकाने सांगितलं होतं. मात्र अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने केलेल्या पाहणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही.

हा अपघात आम्ही एका कारणासाठी आठवतोय. आपल्याकडे ‘टायर फुटला’ म्हटलं की विषय संपतो. पुढे कुणी काही विचारत नाही. नसीबात होतं, असं म्हणून माणसं उठतात. त्या बसच्या बाबतीत टायरचं कारण टिकलं नाही. पण जिथे खरोखरच टायर फुटतो, तिथेही बहुतेक वेळा तो त्या क्षणी बिघडलेला नसतो. काही दिवस, कधी काही महिने आधीच तो आतून खराब झालेला असतो. बाहेरून मात्र चांगला दिसत राहतो.

हे लपलेलं नुकसान कुठे होतं, ते कसं शोधायचं आणि टायर बदलायची वेळ आली तर काय पाहून घ्यायचं, हे आज समजून घेऊ. एसयूव्ही डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, कारण बोलेरो, स्कॉर्पिओ, क्रेटा, नेक्सॉन अशा गाड्या आता आपल्या अनेक घरांत आल्या आहेत.

खड्ड्यात मार बसतो, समृद्धीवर हिशेब होतो

आपल्या जिल्ह्यातली गाडी एकाच दिवसात किती प्रकारच्या रस्त्यांवरून जाते ते पाहा. सकाळी समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या दर्ग्यावर जियारतीला, परतताना एखाद्या गावातून काळ्या मातीत खचलेल्या रस्त्याने, तिथून जामच्या चौकात नागपूर-हैदराबाद महामार्गावर. दुसऱ्या दिवशी येळाकेळी किंवा विरूळहून समृद्धीवर चढायचं आणि थेट संभाजीनगर गाठायचं. हज यात्रेकरूंना निरोप द्यायला नागपूर विमानतळावर जायचं असेल, तर घरातले सात-आठ जण आणि सामान एकाच गाडीत.

खड्ड्याचा मार गावच्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगात बसतो. त्या वेळी फक्त ‘धाड’ आवाज येतो, गाडी पुढे जाते आणि आपण विसरून जातो. त्याचा हिशेब होतो तो ताशी १२० किलोमीटरच्या वेगावर.

थोडं गणित करू. २१५/६० आर १७ मापाच्या टायरचा व्यास साधारण ६९० मिलिमीटर भरतो. एका फेरीत तो दोन मीटरपेक्षा थोडं जास्त अंतर कापतो. म्हणजे १२० च्या वेगात हा टायर दर सेकंदाला १५ वेळा फिरतो, तासाभरात ५५ हजारांहून जास्त वेळा. प्रत्येक फेरीत टायरची बाजू रस्त्याला टेकताना दबते आणि पुन्हा सरळ होते. लोखंडी तार वारंवार वाकवली की गरम होऊन तुटते, तसंच इथेही घडतं. आतले धागे शाबूत असतील आणि हवा बरोबर असेल, तर टायर हे सहज सोसतो. धागे आधीच तुटले असतील किंवा हवा कमी असेल, तर उष्णता वाढत जाते आणि कमजोर जागा फाटते. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि सिमेंटचा रस्ता तव्यासारखा तापलेला असतो.

२०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर येणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली, ती याचसाठी. पण रस्त्यावरची तपासणी मुख्यतः बाहेरची झीज पाहते. आतलं पाहण्याची जबाबदारी गाडीवाल्याचीच राहते.

न दिसणारे पाच बिघाड

पहिला, बाजूचा फुगा. खड्ड्याची कड आणि लोखंडी रिंग यांच्यामध्ये टायर चिमटला की त्याच्या बाजूच्या भिंतीतले धागे तुटतात. तिथे हवा रबराला बाहेर ढकलते आणि फुगा येतो. बाहेरच्या बाजूला आला तर दिसतो. गाडीच्या पोटाकडच्या बाजूला आला तर महिनोन्महिने कुणाला कळत नाही. फुग्याला दुरुस्ती नाही. पॅच लावून किंवा हवा कमी करून तो बरा होत नाही. असा टायर बदलायचाच.

दुसरा, कमी हवेवर चाललेला टायर. पंचर झाल्यावर ‘पुढच्या चौकापर्यंत नेऊ’ म्हणून आपण दोन-तीन किलोमीटर गाडी ओढतो. तेवढ्यात टायरची आतली भिंत दुमडून घासली जाते. टायर खोलला की आत काळ्या रबराचा चुरा सापडतो आणि भिंतीवर गोल पट्टा उमटलेला दिसतो. बाहेरून पाहिलं तर पंचर काढून हवा भरलेला टायर अगदी ठणठणीत वाटतो. आमच्या मते सगळ्यात जास्त फसवणारा बिघाड हाच.

तिसरा, थर सुटणे. टायरच्या नक्षीखाली स्टीलच्या तारांचे पट्टे असतात. पाणी आत गेलं, वय झालं किंवा जोराचा मार बसला की हे थर एकमेकांपासून सुटू लागतात. अशा वेळी एखाद्या ठरावीक वेगात स्टेअरिंग किंवा सीट थरथरते. बॅलन्सिंग करूनही थरथर गेली नाही, तर टायरवर संशय घ्या. खिळा घुसला पण हवा जात नाही म्हणून तो तसाच ठेवणंही बरं नाही, कारण त्या वाटेने पाणी तारांपर्यंत जाऊन गंज धरतो.

चौथा, आतल्या कडेची झीज. अलाईनमेंट बिघडलेलं असेल तर टायर आतल्या बाजूने घासला जातो. बाहेरून नक्षी भरपूर दिसते आणि आतली कड गुळगुळीत, कधी तार दिसेपर्यंत झिजलेली असते.

पाचवा, वय. टायर चालला नाही तरी म्हातारा होतो. ऊन आणि हवेने रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. मागच्या दरवाजावर टांगलेली स्टेपनी याचा नमुना आहे. ‘एकदाही वापरली नाही, कोरी आहे’ असं आपण अभिमानाने सांगतो. पण सात-आठ वर्षं उन्हात वाळलेली ती स्टेपनी लावून पूर्ण कुटुंबाला महामार्गावर नेणं धोक्याचं आहे.

पंचरवाल्याचं काम

सोशल मीडियावर ‘पंचरवाला’ हा शब्द आपल्या समाजाला हिणवायला वापरला जातो. वापरणाऱ्यांना वापरू द्या. पण गाडीचा टायर आतून पाहणारा माणूस कोण? शोरूमचा सेल्समन नाही, इन्शुरन्सवालाही नाही. टायर रिंगवरून उतरवून, आत हात फिरवून ‘भाई, हा टायर आता चालवू नका’ हे सांगू शकतो तो पंचरवालाच. हे हुनराचं काम आहे आणि जीव वाचवणारं आहे.

म्हणून त्याला घाई करू नका. ट्यूबलेस टायरचं पंचर बाहेरूनच रबराचा धागा खुपसून पाच मिनिटांत काढता येतं. अडीअडचणीला, घरी पोचण्यापुरतं ते ठीक आहे. पण त्यात टायर आतून पाहिला जात नाही. पक्कं काम म्हणजे टायर खोलणं, आतून तपासणं आणि आतल्या बाजूने मशरूम पॅच लावणं. दोन-तीन दिवसांत ते करून घ्या.

पंचर कुठे आहे, हेही महत्त्वाचं. नक्षीच्या मधल्या भागात, साधारण सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल तर दुरुस्ती चालते. खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, किंवा बाजूच्या भिंतीत भोक असेल तर दुरुस्ती टिकत नाही. तो भाग सतत वाकत असतो.

आणि जे भाऊ हा धंदा करतात, त्यांना एक विनंती. टायर खोलला आणि आत चुरा दिसला, तर गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून गप्प राहू नका. त्याला तो चुरा दाखवा. ऐकणं न ऐकणं त्याचं, पण सांगणं ही आपल्याकडची अमानत आहे.

घरच्या घरी दहा मिनिटं

महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी एवढं करा.

• सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरमध्ये हवा मोजा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. अनेक गाड्यांत दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा. बारातीला जाताना दुसरा आकडा पाळा. टायरच्या बाजूवर जो कमाल दाब छापलेला असतो, तो भरायचा आकडा नाही.

• पुढची चाकं एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवा. म्हणजे आतली कड आणि आतली भिंत दिसते. मागच्या टायरसाठी मोबाईलचा टॉर्च लावून खाली वाकून बघा किंवा मोबाईल खाली धरून फोटो काढा.

• तळहात नक्षीवरून हळूच फिरवा. उंचवटा, खोलगट जागा किंवा करवतीसारखी धार लागली तर टायर दुकानात दाखवा. तार बाहेर आल्याची शंका असेल तर आधी नजरेने पाहा, हात कापतो.

• नक्षीच्या खोबणीत मधूनमधून छोटे रबरी उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर कायद्यानेही बाद. पावसाळ्याचा विचार केला तर तीन मिलिमीटरलाच बदलण्याची तयारी करावी, कारण उथळ खोबणीतून पाणी वेळेत बाहेर पडत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी सरकते.

• स्टेपनीची हवा आणि तारीख पाहा. काही एसयूव्हींमध्ये स्टेपनी लहान मापाची असते. तिच्यावर वेगमर्यादा लिहिलेली असेल तर ती पाळा आणि लवकरात लवकर मूळ टायर लावा.

एक गैरसमज दूर करायला हवा. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो’, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. हे उलटं आहे. दहा अंश तापमान वाढलं की दाब साधारण दीड ते दोन पीएसआय वाढतो, आणि त्याचा विचार करूनच टायर बनवलेला असतो. हवा कमी ठेवली की टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटण्याची शक्यता वाढते. चालून गरम झालेल्या टायरमधली हवा काढूनही टाकू नका. नायट्रोजन भरला म्हणून तपासणी टळत नाही, साध्या हवेनेही काम चालतं. नियमित मोजणं महत्त्वाचं.

नवा टायर घेताना

माप तेच ठेवा. २१५/६० आर १७ मध्ये २१५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे त्या रुंदीच्या तुलनेत बाजूच्या भिंतीची टक्केवारीतली उंची आणि १७ म्हणजे रिंगचा इंचातला व्यास. शोभेसाठी मोठी रिंग आणि पातळ टायर लावला तर खड्ड्याचा मार झेलायला रबर कमी उरतं. आपल्या रस्त्यांवर फुगे येण्याचं ते एक मोठं कारण आहे.

भाराचा आकडा कमी करू नका. मापाच्या पुढे ९६ एच असं काही लिहिलेलं असतं. ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो, ९६ म्हणजे ७१० किलो, १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. पुढचं अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० किलोमीटर. दुकानदार ‘मापात बसतो ना साहेब’ म्हणून कमी आकड्याचा टायर देत असेल तर घेऊ नका. एसयूव्ही मुळात वजनदार, त्यात आपण ती भरून नेतो. आणि हा भार पेलायचा तर हवा बरोबर असायला हवी, हे विसरू नका.

प्रकार कामाप्रमाणे निवडा. गाडी बहुतेक वेळ डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर असेल, तर एचटी म्हणजे हायवेचा टायर घ्या. आवाज कमी आणि ओल्या रस्त्यावर पकड चांगली. रोज शेतावर, पांदण रस्त्याने जाणं असेल तरच एटी प्रकाराचा विचार करा. जाड, खरबरीत नक्षी चिखलात कामाची, पण महामार्गावर आवाज जास्त करते. नुसतं रुबाबदार दिसतं म्हणून घेऊ नका.

बनावटीची तारीख वाचा. बाजूवर डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालातला ३५ वा आठवडा. नवा टायर शक्यतो वर्षभराच्या आतला मागा. चारही टायरची तारीख स्वतः पाहा, एकावर भागवू नका. वापरातल्या टायरबाबत अनेक कंपन्या सांगतात, की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी वापरू नका. आपल्याकडचं ऊन पाहता दहाव्या वर्षाची वाट न बघता पाच-सहा वर्षांतच बदलण्याचा विचार करावा, असं आमचं मत आहे.

आयएसआय मार्क आणि पक्कं बिल. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय मार्क बंधनकारक आहे. बिलावर टायरचा नंबर लिहून घ्या, वॉरंटी मागायची वेळ आली तर तोच कामाला येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, तोही बिलात तपासा.

दोनच घेणार असाल तर? चारही एकदम बदलणं सगळ्यांना परवडत नाही. मग एका धुऱ्यावरचे दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या आणि नवी जोडी मागे लावा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. ओल्या रस्त्यावर मागचे टायर घसरले तर गाडी गरकन फिरते आणि साध्या चालकाला ती सावरता येत नाही. पुढे ठेवलेले जुने टायरही धडधाकट हवेत, हे अर्थातच. फोर बाय फोर गाडीत मात्र चारही टायरच्या झिजेत फार फरक चालत नाही. त्या गाडीचं मॅन्युअल काय सांगतं ते आधी पाहा.

बसवताना नवे वॉल्व, बॅलन्सिंग आणि अलाईनमेंट करून घ्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी आरामात चालवा.

सेकंड हँड टायरचा मोह

‘शोरूममधून उतरवलेले’, ‘नव्वद टक्के नक्षी’ असं सांगून स्वस्तात जुने टायर विकले जातात. नक्षी दिसते, पण आत काय झालंय ते दिसत नाही. अपघातात सापडलेल्या गाडीचा असेल, बिनहवेचा चालवलेला असेल, कुणाला ठाऊक? घ्यायचीच वेळ आली तर टायर उघडा असताना आतून प्रकाशात पाहा, तारीख वाचा, जुने पॅच मोजा. मात्र कुटुंबाच्या गाडीसाठी आणि महामार्गासाठी घेऊ नका, असाच आमचा सल्ला आहे.

विकणाऱ्यांसाठी तर आपल्या दीनमध्ये स्पष्ट शिकवण आहे. बाजारात धान्याच्या ढिगात पैगंबर साहेबांनी हात घातला तेव्हा वरून कोरडं दिसणारं धान्य आतून ओलं निघालं. लोकांना दिसावं म्हणून ओलं धान्य वर का ठेवलं नाही, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं आणि फसवणाऱ्याला आपल्यातला मानलं नाही. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. वरून काळं पॉलिश मारलेला आणि आतून तुटलेला टायर म्हणजे तोच ढीग. फरक इतकाच, की ओल्या धान्याने पैशाचं नुकसान होतं आणि या टायरने जीव जातो.

चालत्या गाडीत टायर फुटलाच तर

स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि गाडी सरळ ठेवा. ब्रेकवर पाय दाबू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा, वेग आपोआप कमी होऊ द्या आणि मग डाव्या बाजूला घ्या. एसयूव्ही उंच असल्याने झटका दिला की उलटण्याचा धोका जास्त. थांबल्यावर धोक्याचे दिवे लावा, सगळ्यांना कठड्याच्या पलीकडे उभं करा. चालत्या रस्त्याच्या कडेला बसून चाक बदलू नका. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

मागच्या सीटवरही बेल्ट लावा. लहान मुलांना मांडीवर घेऊन पुढे बसणं बंद करा.

येत्या जुम्म्याला नमाजनंतर गाडी काढण्याआधी चार टायर आणि स्टेपनीवरचे ते चार आकडे वाचून घ्या. घरात जो कुणी गाडी चालवतो, मुलगा असो की मुलगी, त्यालाही ते वाचायला शिकवा. आणि पुढच्या वेळी पंचर झालं, की पंचरवाल्याला एवढंच म्हणा: “भाई, घाई नाही. टायर खोलून आतून बघून सांगा.”